शब्दांशिवाय दहा मिनिटं: पोस्ट-रॉक आतून कसं चालतं

आमच्याकडे जळगावात कोणाला पोस्ट-रॉक, म्हणजे रॉक बँडच्या वाद्यांवर वाजणारं, बहुतेक वेळा बिनशब्दांचं संगीत, ऐकायला दिलं की पहिल्या दोन मिनिटांत एकच प्रश्न येतो, "भो, गाणं कधी सुरू होईल?" आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण आपल्या कानाला सवय असते की आधी थोडं म्युझिक, मग मुखडा, मग अंतरा, परत मुखडा, पाच मिनिटांत मामला खलास. इथे मुखडा येतच नाही. गाणारा पण येत नाही. एक गिटार तीन-चार सूर घेऊन तिथल्या तिथे फिरत राहते, ड्रमवाला जेमतेम हात लावतो, हे असं पाच-सात मिनिटं चालतं आणि मग कुठेतरी सगळं एकदम उसळतं आणि अंगावर काटा येतो. ज्याच्या अंगावर आला तो कायमचा अडकला, ज्याच्या नाही आला तो म्हणतो यात आहे काय. ते "आहे काय", म्हणजे त्यातली एनर्जी आणि गुंतागुंत, मला इथे नीट उलगडून सांगायचंय, ज्याला सारेगमच्या पुढे काही येत नाही त्यालाही कळेल असं.

एक गोष्ट आधीच सांगतो, शब्द नसलेल्या वाजवण्यावर जीव टाकणं खान्देशाला अजिबात नवीन नाही. वरातीत बँडवाल्याने पावरीची धून धरली की जो माणूस आयुष्यात कधी नाचला नाही तो पण पुढे येतो, तेव्हा कोणी विचारतं का याचे बोल काय म्हणून? तिकडे सातपुड्यात काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात, गावागावाहून लोक येतात, पायात घुंगरं, आणि ताल पहाटेपर्यंत थांबत नाही. तिथे मजा आवाजाची असते, तालाची असते, आणि तो ताल किती वेळ टिकून राहतो त्याची पण असते. म्हणजे कान आपल्याकडे तयार आहेतच, फक्त वाद्यं वेगळी आहेत.

वाद्यं कोणती, तर रॉक बँडचीच. दोन किंवा तीन इलेक्ट्रिक गिटार, एक बेस (खालचे जाड सूर देणारी गिटार), ड्रम, कधी पियानो, कधी व्हायोलिन नाहीतर चेलो. सामान तेच पण काम वेगळं. १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स नावाच्या ब्रिटिश समीक्षकाने ह्या सगळ्याला पोस्ट-रॉक म्हणायला सुरुवात केली, त्याचा मुद्दा साधारण असा होता की ही मंडळी गिटार हातात धरतात पण रॉकवाल्यांसारखी रिफ (गिटारवर परत परत वाजणारा छोटा, ठसठशीत तुकडा) मारायला नाही, तर आवाजाचा पोत तयार करायला. सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. टॉक टॉक हा इंग्लंडमधला बँड, ऐंशीच्या दशकात रेडिओवर चालणारी पॉप गाणी करणारा, त्यांनी १९८८ मध्ये अचानक एक असा अल्बम काढला ज्यात शांतता जास्त आणि वाद्यं कमी. १९९१ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावच्या स्लिंट नावाच्या पोरांनी असाच एक अल्बम केला, हळू हळू पुटपुटल्यासारखं बोलणं आणि मधेच आवाजाचा स्फोट. ह्या दोघांकडे गाणारा माणूस होता. त्यानंतरच्या बऱ्याच लोकांनी तोही काढून टाकला. शिकागोत टॉर्टॉइज, मॉन्ट्रियलला १९९४ पासून गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, ग्लासगोला १९९५ पासून मोगवाई, आणि १९९९ मध्ये एकीकडे टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये एक्स्प्लोजन्स इन द स्काय तर दुसरीकडे टोकियोत मोनो. इतिहास एवढा पुरे, कारण खरी गंमत आवाजाच्या आत आहे.

गाणारा काढला की नेमकं काय होतं ते बघा. माणसाचा आवाज कानावर पडला की आपलं सगळं लक्ष तिकडे जातं, लहान बाळाचं पण जातं, ते आपल्या हातात नसतं. मग बाकी जे वाजतंय ते आपोआप साथ होऊन जातं. रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर पण तसंच करतो, आवाजासाठी मधली जागा मोकळी ठेवतो आणि गिटार, कीबोर्ड वगैरे बाजूला सरकवतो. गाणारा नसला की ती मधली जागा रिकामी होते, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पण रिकामं होतं, ते कुठेतरी बसायला जागा शोधतं. कधी बेसवर बसतं, कधी ड्रमच्या झांजेवर, कधी गिटारच्या शेवटच्या सुरावर जो अजून हवेत आहे. पोस्ट-रॉक हे ह्या मोकळ्या सुटलेल्या लक्षावर उभं आहे. पहिल्या दोन मिनिटांत जे कंटाळवाणं वाटतं ना, ते खरं तर लक्ष जागा शोधत असतं, आणि त्याला ती सापडायच्या आत आपण पुढचं गाणं लावतो.

आता एनर्जीकडे येतो. लोक समजतात एनर्जी म्हणजे मोठा आवाज. तसं असतं तर डीजेच्या भिंतीसमोर उभं राहणं हा जगातला सगळ्यात भारी अनुभव ठरला असता. मोठ्या आवाजाची सवय कानाला फार लवकर होते, एकसारखं जोरात वाजत राहिलं की दहा मिनिटांनी ते मोठं वाटतच नाही, नुसता थकवा येतो. कानाला कळतो तो फरक. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि त्या मापाची एक खासियत आहे, १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते पण आपल्याला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे एखादा तुकडा ६० डेसिबलला, आपण घरात बोलतो तेवढ्या आवाजात सुरू झाला आणि १०० ला पोचला तर ताकद दहा हजारपट झाली, आणि कानाला तो साधारण सोळापट मोठा वाटला. आपल्या नेहमीच्या सिनेमाच्या गाण्यात एवढा फरक कधी मिळत नाही, कारण ती गाणी रिक्षात, बसमध्ये, मोबाइलच्या स्पीकरवर नीट ऐकू यावीत म्हणून मुद्दाम दाबून सपाट केलेली असतात, बारीक आवाज वर उचललेला आणि मोठा खाली दाबलेला. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. सिनेमावाल्यांची ती गरज आहे, त्यात चूक काही नाही, पण पोस्ट-रॉकचा जीव त्या फरकातच असल्यामुळे ते तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत तर अर्धं ऐकलंच नाही असं समजा. बारीक भाग ऐकू येणार नाही, मोठा भाग फाटका वाजेल, बेस तर नाहीच.

हेडफोन लावणार असाल तर एक सांगणं आहे आणि ते मी गंभीरपणे सांगतोय. बारीक भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवून ठेवू नका, पुढे जे येणार आहे ते त्याच्या कितीतरी पट असतं. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा धरतात, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. गोंगाटात ऐकायचंच नाही हे उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकरानंतर गच्चीवर जेव्हा रस्ता शांत होतो, कूलरचा पण आवाज खाली राहतो, ती वेळ ह्या संगीतासाठी एकदम फिट आहे.

बरं, मग हा फरक तयार कसा करतात? नुसतं सगळ्यांनी हळूहळू जोरात वाजवलं की झालं का? नाही ना. इथेच खरी कारागिरी आहे, आणि ती समजायची तर गिटारचा एक मोठा दोष आधी समजून घ्यायला लागतो. गिटारचा सूर टिकत नाही. हार्मोनियमचा भाता चालू आहे तोवर सूर आहे, व्हायोलिनचा गज फिरतोय तोवर सूर आहे, सनईत फुंक आहे तोवर सूर आहे. गिटारची तार छेडली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून मरायला लागतो. पोस्ट-रॉकवाल्यांच्या पायाशी जे डबे-पेडल मांडलेले दिसतात ना, त्यातले बहुतेक सगळे ह्या एकाच दोषावरचे इलाज आहेत, हे एकदा लक्षात आलं की सगळी भानगड सोपी होते.

पहिला इलाज हाताचा, ट्रेमोलो पिकिंग. सूर मरतोय तर मरायच्या आत परत छेडा. साधारण १२० च्या लयीत, म्हणजे सेकंदाला दोन ठोके, त्यात एका ठोक्यात चार वेळा छेडलं तर सेकंदाला आठ वेळा झालं. आता ऐकणाऱ्याला वेगवेगळे टणत्कार ऐकू येत नाहीत, एक थरथरणारा सलग सूर ऐकू येतो. मोनोच्या गिटारवाल्यांची ही खासियत आहे, ते मिनिटंच्या मिनिटं असं वाजवतात आणि शेवटाकडे ते गिटार न वाटता अख्खा व्हायोलिनचा ताफा वाटतो. दुसरा इलाज रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या गाभाऱ्यात जसा आवाज घुमत राहतो तसं मशीनने करणं. तिसरा डिले, वाजवलेला सूर ठरावीक वेळाने परत परत ऐकवणारं पेडल. त्याबद्दल खाली वेगळं सांगतो कारण ते फार मोठं प्रकरण आहे. चौथा, सरळ गजच वापरायचा, आइसलँडच्या सिगुर रोस बँडचा योनसी चेलोचा गज इलेक्ट्रिक गिटारवर ओढतो आणि त्यातून जो आवाज येतो तो ऐकून पहिल्यांदा कोणाला वाटणार नाही की ही गिटार आहे. आणि पाचवा म्हणजे डिस्टॉर्शन.

डिस्टॉर्शनला लोक नुसता कर्कशपणा समजतात, म्हणून जरा थांबून सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. कापल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, मोठा आवाज एका मर्यादेच्या वर जात नाही पण बारीक होत जाणारा आवाज मात्र वर उचललेला राहतो, म्हणजे तार मंद होत चालली तरी आपल्याला सूर तेवढाच मोठा ऐकू येतो, झाला की नाही टिकाऊ. दुसरं, मूळ सुरात नव्हते असे नवीन वरचे सूर तयार होतात, त्यामुळे आवाज भरगच्च होतो. आणि एकाच वेळी दोन सूर वाजवले तर त्यांची बेरीज आणि वजाबाकी असे आणखी सूर निघतात! उदाहरण घ्या. एक सूर ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा, आणि दुसरा त्याचा पंचम १६५ चा. वजाबाकी ५५, म्हणजे पहिल्याच सुराचा खालच्या सप्तकातला सूर, जो कोणी वाजवलेलाच नाही! बेरीज २७५, ती पण ५५ च्या पटीत. सगळं एकमेकांत व्यवस्थित बसतं, म्हणून सा आणि प एवढंच डिस्टॉर्शनमधून वाजवलं तर भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं. आता पंचमाऐवजी ११० च्या जोडीला गंधार घ्या, गिटारच्या परद्यावर तो १३८.६ ला पडतो. वजाबाकी २८.६, धड सूर नाही, खाली नुसती गुरगुर, आणि बेरीज २४८.६, जी कशाच्याच पटीत नीट बसत नाही. चिखल होतो. त्यामुळे समजूतदार बँड काय करतात, की तीन सुरांचा कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) एकाच गिटारवर डिस्टॉर्शनमध्ये वाजवतच नाहीत, एक गिटार खालचे सा-प धरते, दुसरी वेगळ्या अ‍ॅम्पमधून वर गंधार धरते, तिसरी आणखी वर एखादा निषाद किंवा रिषभ थरथरत ठेवते. सूर तेच, पण हवेत मिसळतात, अ‍ॅम्पच्या आत नाही, आणि चिखल होत नाही. तीन गिटारवाले कशाला लागतात ह्याचं एक उत्तर हे.

मग चढत जाणारा भाग कसा रचतात बघा. बऱ्याच वेळा लय बदलत नाही, सूर बदलत नाहीत, तेच चार कॉर्ड फिरत असतात. बदलतं काय? आधी एका ठोक्याला एक सूर होता, मग दोन झाले, मग चार. आधी मधल्या सप्तकात होतं, मग बेस खाली उघडला आणि एक गिटार वर सरकली, म्हणजे आवाज दोन्हीकडे पसरला. ड्रमर आधी मऊ काठीने मोठ्या टॉमवर (घुमणारा ड्रम) होता, मग स्नेअर (कडक, तडतडणारा ड्रम) आला, मग झांजा, आणि झांजा म्हणजे वरच्या पट्टीतला सगळा गोंगाट एकदम चालू होणं. मग डिस्टॉर्शन. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलते, बाकी तसंच राहतं, म्हणून कानाला कळत नाही की आपण चढतोय, फक्त छातीत काहीतरी दाटून यायला लागतं. ही कल्पना यांचीच नाही हो, फ्रेंच संगीतकार रावेलने १९२८ मध्ये बोलेरो नावाची एक रचना केली, पंधरा मिनिटांच्या आसपासची, एकाच स्नेअर ड्रमचा तोच ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, धून पण फिरून फिरून तीच, बदलतात ती वाद्यं आणि वाढतो तो आवाज. पोस्ट-रॉक आवडणाऱ्याने ते एकदा तरी ऐकावंच.

मोगवाईच्या १९९७ च्या पहिल्या अल्बमचा शेवटचा तुकडा, 'मोगवाई फिअर सेटन', सोळा मिनिटांचा आहे. बेसवर तेच थोडेसे सूर फिरत राहतात, ड्रम मात्र आतून पेटलेले, मधेच बासरी येते, गिटार उसळते, खाली बसते, परत उसळते. यात सतत वर चढत जाणं नाहीये, भरती-ओहोटी आहे, आणि माझ्या मते एनर्जी म्हणजे काय ते कोणाला एकाच तुकड्यात दाखवायचं असेल तर हाच दाखवावा. सुरांचं सामान मोजकं, आणि तरी सोळा मिनिटं माणूस जागचा हलत नाही.

आता गुंतागुंत. इथे एक मोठा गैरसमज आहे की कॉम्प्लेक्स म्हणजे वाजवायला अवघड. मेटलवाले किंवा जॅझवाले बोटं अशी पळवतात की बघत राहावं, पोस्ट-रॉकमध्ये बऱ्याचदा प्रत्येक जण जे वाजवतो ते सहा महिने गिटार शिकलेल्या पोराला जमेल. गुंतागुंत एकेकाच्या हातात नसते, ती त्यांच्या मधे असते. समजा एका गिटारवर पाच मात्रांचा तुकडा फिरतोय आणि ड्रम चार मात्रांचे. दोघंही सोपे. पण पाचवाल्याची सम आणि चारवाल्याची सम एकदम येते वीस मात्रांनी, त्याच्या अधल्यामधल्या प्रत्येक फेऱ्यात दोघांचं नातं वेगळं असतं, तोच सूर कधी ठोक्यावर पडतो, कधी ठोक्याच्या मधे. कानाला वाटतं गिटारवाला काहीतरी बदलतोय, तो बापडा तेच वाजवतोय. सातचा तुकडा चारवर टाकला तर अठ्ठावीस मात्रा लागतात. आपल्याकडे ज्याने तबल्यासोबत तिहाई ऐकलीय, समेवर येतानाची ती धाकधूक अनुभवलीय, त्याला हे समजावायची गरजच नाही, हातावर ताल धरून बसा आणि सम शोधा.

डिलेचं प्रकरण सांगतो म्हटलं होतं. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो. डिले पेडल बरोबर ५०० ला लावलं तर प्रत्येक सूर पुढच्या ठोक्यावर परत ऐकू येतो, ठीक आहे, पण साधं आहे. तेच ३७५ ला लावलं, म्हणजे ठोक्याच्या पाऊण भागावर, की परत येणारा सूर ठोक्यावर न पडता मधल्या फटीत पडतो. तुम्ही सावकाश सरळ सूर वाजवताय आणि ऐकू येतंय मात्र एक धावती, विणल्यासारखी जाळी, ज्यातले अर्धे सूर तुम्ही वाजवलेच नाहीत. आता दुसऱ्या गिटारवाल्याने त्याच्या पेडलला वेगळी वेळ लावली की दोन जाळ्या एकमेकांवर पडल्या. एक्स्प्लोजन्स इन द स्काय ऐकताना बरेच लोक विचारतात किती गिटार आहेत ह्यांच्यात, दहा असतील. मुळात बँडच चौघांचा आहे, त्यातला एक ड्रमवर.

गॉडस्पीडचं वेगळं, तिथे खरंच गर्दी आहे. तीन गिटार, दोन बेस, दोन ड्रमर आणि व्हायोलिन, आणि लाइव्ह कार्यक्रमात मागे पडद्यावर १६ मिलिमीटरच्या फिल्मचे प्रोजेक्टर चालू असतात. त्यांचा २००० सालचा अल्बम फक्त चार तुकड्यांचा आहे आणि वेळ जवळजवळ दीड तास. टॉर्टॉइज तिसऱ्याच रस्त्याने जातात, त्यांच्याकडे मोठा स्फोट क्वचितच, पण मरिंबा, व्हायब्रफोन (लाकडी आणि धातूच्या पट्ट्यांवर ठोकून वाजवायची वाद्यं), दोन-दोन ड्रम, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर त्याची कापाकापी आणि जोडणी. १९९६ च्या अल्बममधला पहिला तुकडा वीस मिनिटांच्या वर आहे आणि त्याच्या मधेच आवाज असा तुटतो की मशीन बिघडलं वाटतं, तेव्हा बंद करू नका, ते मुद्दाम आहे, त्यातूनच पुढचा भाग निघतो.

अंगावर काटा का येतो ह्याचं पण शास्त्र आहे आणि ते मला फार भारी वाटतं. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्या आवडीचं, काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. त्यात दिसलं की डोपामाइन, म्हणजे ज्याचा आनंदाशी संबंध आहे ते रसायन, काट्याच्या क्षणी सुटतंच पण त्याच्या आधी पण सुटतं, आणि मेंदूच्या वेगळ्या भागात सुटतं. म्हणजे येणाऱ्या क्षणाची वाट बघणं हे स्वतःच एक सुख आहे, मेंदूच्या हिशोबात त्याचं खातं वेगळं आहे. आता पोस्ट-रॉककडे बघा, सात मिनिटं वाट आणि एक मिनिट स्फोट! सगळी रचनाच वाट बघण्याची आहे. म्हणून स्फोटाच्या जागी थेट उडी मारून ऐकलं तर काही होत नाही, नुसता गोंगाट वाटतो. (गॉडस्पीड पण मॉन्ट्रियलचेच, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.)

आता आपले काही लोक म्हणतात की हे आपल्या आलाप-जोड-झाल्यासारखंच आहे, सावकाश सुरू होऊन वेगाकडे जाणारं. वरवर बघता तसं वाटतं, पण फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आलापात कलाकार रागाची जागा एकेक सुराने उघडत जातो, आज वाजवलं तसं उद्या वाजणार नाही, आणि सूर लावण्यातली बारीक जागा हेच सगळं. पोस्ट-रॉकमध्ये सूर पहिल्या मिनिटातच उघडे पडलेले असतात, त्यात दडवलेलं काही नसतं, पुढे उघडत जातो तो पोत आणि वजन. बहुतेक सगळं आधीच रचलेलं असतं, बसवलेलं असतं.

नातं मात्र आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, म्हणजे ज्या घराण्यात पुढे भीमसेनजी झाले त्याच घराण्याचे, १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे दोन मोठे संगीतकार त्यांचे शिष्य झाले, अगदी तानपुरा घेऊन बसणारे शिष्य. यंगला त्याच्या आधीपासूनच लांब धरलेल्या सुराचं वेड होतं, भारतीय संगीताच्या रेकॉर्ड्स त्याने पन्नासच्या दशकातच ऐकल्या होत्या. त्याच्यासोबत साठच्या दशकात वाजवणारा जॉन केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड ह्या रॉक बँडमध्ये गेला आणि तो न थांबणारा सूर रॉकमध्ये शिरला. ऐंशीच्या आसपास न्यूयॉर्कमध्ये ग्लेन ब्रांकाने गिटारींचा ताफा उभा करून तशाच सुरांच्या भिंती बांधल्या. पोस्ट-रॉकमध्ये खाली जो एक सूर सतत धरलेला असतो त्याचा धागा मागे मागे नेला तर त्यातलं एक टोक आपल्या तानपुऱ्यापर्यंत येतं. सरळ वारसा नाही, पण धागा आहे.

सगळंच पोस्ट-रॉक चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. २००४ मध्ये अमेरिकन फुटबॉलवरच्या एका हॉलिवूड सिनेमाला एक्स्प्लोजन्सने संगीत दिलं, त्यानंतर हा आवाज जाहिरातीत, माहितीपटात, सगळीकडे पसरला आणि जगभर शेकडो बँड तेच करायला लागले, दोन मिनिटं टिंग टिंग, मग ट्रेमोलो, मग स्फोट, संपलं. रिव्हर्बमध्ये काहीही बुडवलं की सुंदर वाटतं, ही ह्या प्रकारातली सगळ्यात मोठी फसवणूक आहे. मी एक साधी परीक्षा करतो, आवाज एकदम कमी करून ऐकतो. कमी आवाजात पण चढत जाणारा भाग चढताना जाणवला, म्हणजे आवाजाशिवाय सूर, ताल, पोत काहीतरी खरंच बदलतंय, तर तो तुकडा पक्का. आवाज कमी केल्यावर सगळं सपाट झालं तर त्यात नुसती व्हॉल्यूमची करामत होती. बरेच नावाजलेले तुकडे ह्या परीक्षेत नापास होतात.

ऐकायला सुरुवात कुठून करायची, तर एक्स्प्लोजन्सचा २००३ चा अल्बम, पाचच तुकडे आहेत, पाऊण तासाच्या आसपास, आवाज स्वच्छ, गोड, पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला पण धरून ठेवतो. पहिल्या वेळी नुसता ड्रमचा पाठलाग करा, बाकी काही बघू नका. दुसऱ्या वेळी उजव्या कानातली गिटार, तिसऱ्या वेळी डावी. तोच तुकडा तीन वेगळे वाटतील. मग मोगवाईकडे या, मग मोनो, आणि स्फोटाची सवय लागली असं वाटलं की मुद्दाम टॉर्टॉइज लावा म्हणजे कळेल की स्फोटाशिवाय पण हे जमतं. आपल्या देशातलं ऐकायचं तर अहमदाबादेत सुरू झालेला अ‍ॅजवीकीपसर्चिंग हा बँड आहे, नंदुरबारवाल्यांना तर शेजारच्याच राज्यातला, त्यांच्या २०१७ च्या 'झिया' अल्बममध्ये हा आवाज आपल्याकडच्या कानाने बांधलेला ऐकू येतो.

गॉडस्पीड शेवटी ठेवा, आणि त्यांचा तो दीड तासाचा अल्बम तुकड्यातुकड्याने ऐकू नका. जळगाव ते धुळे एसटीने जाताना लावावं असं वाटेल पण इंजिनच्या आवाजात बारीक भाग सगळा जाईल. घरी रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि मधे वीस मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटलं तरी उठू नका, खाली बेस काय करतोय ते ऐकत राहा.